पाचवी नको म्हणालीस, आक्का

आक्का, तुझा दहावा होऊन दोन रविवार गेले. लोक येऊन तुझ्याविषयी चांगलं बोलतात आणि मी मान डोलावते. तू किती वर्षं भातगिरणी चालवलीस, किती कष्ट काढलेस, हे सगळं सांगणारे पुष्कळ आहेत. मला त्यातलं काही सांगायचं नाही. आपलं भांडण अर्धंच राहिलंय, तेवढं बोलायला मी बसले आहे. तू असतीस तर म्हणाली असतीस, "बोलायचं त्ये तोंडावर बोल, कागद कशाला नासतीस?" पण तोंडावर बोलायची सोय तू ठेवली नाहीस.

हे दुसऱ्या कुणी वाचलं तर त्याला समजावं म्हणून तुला माहीत असलेलंच मी पुन्हा सांगणार आहे. रागावू नकोस.

सुरुवात गिरणीचा पट्टा तुटला त्या दिवशी झाली. मी तेव्हा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. त्या दिवशी सुट्टी म्हणून रिह्याला, आपल्या गावात, घरीच होते आणि आबांनी भाताची दोन पोती घेऊन तुझ्याकडे पाठवलं होतं. पट्टा बसवणारा पौडहून यायचा होता. मी पोत्यावर बसून मोबाइलवर परदेशी सिनेमा बघत होते. तू पदराने तोंडावरचा कोंडा पुसत शेजारी येऊन बसलीस.

"ह्यो कोन?"

"खलनायक आहे, आक्का. त्याच्यात शक्ती आहे. इमारतीच्या इमारती उचलतो."

"आन ह्यो झग्यातला?"

"तो नायक. तो उडतो."

"आन ही कोन?"

"कुठली?"

"ही गं, खाली पळत्यात ती. ही बाई बघ, पिशवी घिऊन पळतीया. तिचं फुडं काय झालं?"

"तिचं काय होणार? ती गर्दीतली आहे."

"गर्दीतली म्हंजी? तिला घर न्हाई? भाजी आसंल की तिच्या पिशवीत. घरी कोन वाट बगत आसंल." तू मोबाइल माझ्या हातातून घेतलास आणि डोळ्यांजवळ धरलास. "ही दोगं वर मारामारी करत्यात, आन समदी दुनिया खाली निस्ती पळतीया. कुनी थांबत कसं न्हाई?"

मी हसले. तू हसली नाहीस. आठवडाभराने तू मला शंभरपानी वही दाखवलीस. पहिल्या पानावर तुझ्या गोल, ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: 'थांबलेली माणसं. कादंबरी.' कादंबरी या शब्दाखाली तू दोन रेघा मारल्या होत्यास.

खोरं आपलंच होतं, फक्त तू त्याला नाव दिलं नव्हतंस. काळ पुढचा. टेकडीवर चौघं राहायची आणि खालच्या सगळ्यांवर राज्य करायची. डोळेवाला ज्याच्याकडे बघेल तो माणूस जागच्या जागी थिजायचा. कानवाल्याला खोऱ्यात कुठेही कुजबुज झाली तरी ऐकू यायची. पाणीवाल्याने हात वर केला की खाचरातलं पाणी उठून त्याच्याकडे जायचं. आणि विसरवाली बोट लावायची, की माणूस स्वतःचं नाव विसरायचा. मी विचारलं, "ही चौघं आली कुठून? दुसऱ्या ग्रहावरून का?" तू म्हणालीस, "वरनं कशाला पडत्याल? आपल्यातलीच हायेत. कुनीतरी पैल्यांदा म्हनलं आसंल, बाबांनो, तुमीच आमचं बगा. तितनं समदं सुरू झालं."

मी बी.ए.ला मराठी साहित्य शिकत होते. वर्गात दिवस दिवस सत्तेवर चर्चा चालायची. तुझं हे वाक्य मी परीक्षेत उत्तरपत्रिकेत लिहिलं होतं. तुझं नाव न घालता. हेही तुला कधी सांगितलं नाही.

चार-पाच पोती झाली की मोटार तापायची. मग तू खटका खाली ओढायचीस आणि वही उघडायचीस. "मोटार थंड हुईस्तवर ऐका." नंबर लावून बसलेली माणसं पोत्यांवरच असायची, पळून जाणार कुठे? पण ती ऐकायची आणि गप्प बसायची नाहीत. डोळेवाल्याचं पहिलं प्रकरण वाचलंस तेव्हा म्हादूनाना म्हणाले, "आगं, त्याला कवातरी मोतीबिंदू हुईल की! तवर थांबा म्हनावं."

"नाना, तुमाला झाला म्हनून समद्यांना व्हतोय व्हय?"

रशीदभाई पौडचे. त्यांची वडापची, उतारू नेणारी जीप. सासऱ्यांचं भात भरडायला ते तुझ्याकडे आणायचे. ते फार बोलत नसत. एकदा तेवढंच म्हणाले, "आक्का, त्या कानवाल्याला समदंच ऐकू येतं, मग त्याला झोप कशी लागती?" तू वही मिटलीस. मोटार थंड झाली तरी तू खटका वर केला नाहीस. पुढच्या वेळी तू जे प्रकरण आणलंस ते सगळ्या कादंबरीतलं सर्वांत चांगलं आहे. कानवाला टेकडीच्या कडेला येऊन खालच्या माणसांना हात जोडतो, म्हणतो, जरा गप्प बसा. आणि खाली एका घरात नुकतंच बाळ जन्मलेलं असतं. त्या बाळाला गप्प बसवणं त्याच्या हातात नसतं.  

आणि ते बंगलेवाले साहेब आठवतात? ओढ्यापलीकडे बंगला बांधलेले, शनिवारी-रविवारी येणारे. एका रविवारी ते गिरणीच्या दारात उभे राहिले. "ताई, रविवारी तरी हे मशीन बंद ठेवता येईल का? आम्ही इथे शांततेसाठी येतो."

"बसा साहेब, मोटार बंदच केलीया. आता वाचायचंय. तुमी बी ऐका."

नेमकं त्या दिवशी टेकडीवरून हुकूम येतो ते प्रकरण होतं, की खाली कुणी मोठ्याने बोलायचं नाही, मुसळाचा आवाज करायचा नाही, वरच्यांच्या विश्रांतीत अडथळा येतो. साहेब ऐकत राहिले. संपल्यावर म्हणाले, "हे माझ्यावर लिहिलंय का?"

"न्हाई वो साहेब. पन चोराच्या मनात चांदनं."

सगळी गिरणी हसली. साहेबही हसले, आणि पुढच्या रविवारी येताना घडीची खुर्ची घेऊन आले. प्रकाशकांचा पत्ता त्यांनीच दिला.

आता इथून पुढचं मला लिहायला जड जातंय.

मला हिंजवडीला नोकरी लागली. शनिवारी घरी आले की तुझ्या वह्या मी लॅपटॉपवर उतरवून काढायची. सतरा प्रकरणं झाली. अठरावं शेवटचं आणि तेच तुझ्याकडून येईना. एक पावसाळा गेला, एक सुगी गेली. विचारलं की म्हणायचीस, "चौघं खाली कशी येत्याल, त्ये मला दिसना. दिसल्यावर लिवीन." मी घाई करत होते. मला वाटत होतं, तू थकलीस, तुला जमणार नाही, आणि हे सगळं वह्यांतच राहील. हे खरं आहे. पण सगळं खरं एवढंच नव्हतं.

मी शेवटचं प्रकरण स्वतः लिहिलं. तुझ्या कादंबरीत गौरी नावाची मुलगी आहे. टेकडीपलीकडच्या शाळेत चालत जाते, निरोप इकडचे तिकडे पोचवते. फार काही करत नाही. मी तिच्या अंगात वीज उतरवली. एका उन्हाळी दुपारी वीज कडाडते, गौरीच्या हातात येते, आणि ती एकटी टेकडी चढून चौघांना जाळून टाकते. खालची माणसं तिचा जयजयकार करतात. तो शेवट जोडून मी सगळी कादंबरी प्रकाशकांना पाठवली. नाव तुझं घातलं. तुला विचारलं नाही.

प्रकाशकांचं उत्तर आलं, 'शेवट जबरदस्त आहे.' ऑफिसात बसून ते पत्र मी कितीतरी वेळा वाचलं. त्यांनी दुसऱ्या कुठल्याही प्रकरणाचं नाव काढलं नव्हतं. कानवाल्याचंसुद्धा नाही. तेव्हाच मला खटकायला हवं होतं. पण मी फक्त माझं कौतुक वाचत होते.

भाऊबीजेच्या दिवशी मी छापील पानं घेऊन गिरणीत आले. तुला आनंद होईल असं खरोखर वाटलं होतं. तू हात पुसलेस, चष्मा लावलास आणि उभ्यानेच सगळं प्रकरण वाचलंस. नाना, रशीदभाई, आणखी दोन बायका नंबर लावून बसल्या होत्या.

"आन मग?" तू म्हणालीस.

"मग काय? जिंकले सगळे."

"गौरी कुटं ऱ्हाती मग?"

"वर, टेकडीवर. सगळ्यांचं रक्षण करते."

तू चष्मा काढलास. "चार गेले आन पाचवी आली. मग आमी काय जिंकलो गं?"

"आक्का, ती चांगली आहे."

"पैली चार बी चांगलीच व्हती. तिसऱ्या प्रकरनात लिवलंय मी. वाच."

"वाचकाला नायिका लागते, आक्का. कुणीतरी एक लागतं."

"वाचकाला काय लागतंय त्ये मला नगं सांगू. ह्ये काय, बसल्यात की वाचक, पोत्यावर." मग तू पानं माझ्यापुढे धरलीस. "ही पाचवी नको मला. काढ हिला."

तेव्हा मला सांगावं लागलं, की ते आधीच गेलंय.

"कुनाच्या नावानं?"

"तुझ्या."

"म्हंजी तुजं बोलनं तू माज्या तोंडात घातलंस."

आक्का, त्यानंतर मी जे बोलले ते तू कुणालाही सांगितलं नसशील. पण तिथे चार माणसं होती आणि मी मोठ्याने बोलले होते. मी म्हणाले, "तू सातवी शिकलेली. कादंबरी कशाशी खातात ते तुला काय कळणार? मी बी.ए. केलंय."

तू माझ्याकडे बघितलंस. "व्हय," म्हणालीस. "सातवीच." आणि खटका वर केलास. मोटारीच्या आवाजात पुढे काही बोलताच येणार नव्हतं. मोटार अजून तापलेलीच होती. तू तिला एरवी असं कधी चालवलं नसतंस.

त्यानंतर आपण बोललो नाही. मध्येच एकदा रशीदभाई हिंजवडीला कुणाला सोडायला आले होते, ते माझ्या खोलीवर तांदळाचं गाठोडं ठेवून गेले. "आक्कानं दिलाय. आंबेमोहोर हाय. म्हनली, हिला सांगा, शिट्ट्या कमी कर, गिच्च भात करती ही." मी तो भात रोज खाल्ला. वासाने शेजारच्या मुली विचारत यायच्या. तुला फोन मात्र केला नाही. काय बोलायचं ते ठरत नव्हतं. आधी तू चूक आहेस हे पटवायचं आणि मग माफी मागायची, असा माझा बेत होता. मग सुरेखावहिनीचाच फोन आला. तुझ्या सुनेचा आवाज मी ओळखला, पण ती काय सांगतेय ते कळायला वेळ लागला.

दहाव्याला नदीवर सगळे जमले. मनातल्या मनात मी एक ठरवून ठेवलं होतं. कावळा शिवेना झाला की मी पुढे जाणार, हात जोडणार आणि सगळ्यांदेखत तुला शब्द देणार, की तो शेवट मी परत घेते. कावळा पहिल्याच झटक्यात शिवला. नाना म्हणाले, "आक्काला कवा थांबायला जमलंय?" लोक रडता रडता हसले. मी तशीच उभी राहिले, न दिलेला शब्द तोंडात घेऊन. तू माझ्यासाठी अडली नव्हतीस. तुझी माझ्याकडे काही मागणीच नव्हती.

तिथून सगळे गिरणीकडे आले. सुरेखावहिनीने चहा ठेवला. नाना माझ्याशेजारी बसले. "मने, पौडच्या शाळेत तुजा सत्कार झाला व्हता, आठवतंय? बी.ए. झालीस तवा."

"हो."

"काय बोलली व्हतीस?"

मला आठवेना. नानांना पाठ होतं. "'मी एकटीच्या जिद्दीवर शिकले.' टाळ्या वाजल्या. म्या बी वाजिवल्या."

रशीदभाई चहाच्या कपात बघत म्हणाले, "तीन वर्सं माज्या जीपमदी फुडची शीट ती जिद्दच आडवून बसायची. पॅशिंजर वरडायचं."

मी म्हणाले, "रशीदभाई, ती सीट मला रोज मिळायची कारण मी लवकर यायची."

"व्हय, लवकर यायचीस. पन शीट आक्कानं सांगितली व्हती."

मग एकेक करून सगळं बाहेर आलं. बाहेरच्या माणसाला इर्जिक माहीत नसते. आपल्याकडे एखाद्याचं काम अडलं की तो इर्जिक घालतो. भातलावणी असो, नांगरट असो, सगळं गाव त्याच्या रानात उतरतं. मजुरी नाही, मुकादम नाही. त्या घरचं जेवायचं आणि काम संपवून उठायचं. माझी बारावी झाली त्या साली तू गिरणी बंद करून पोत्यांवरच्या माणसांना म्हणाली होतीस, "मनीचं शिक्शान ही आपली इर्जिक हाय. कुनाला काय जमंल त्ये बोला." रशीदभाईंनी पौडच्या स्टँडवर पहिल्या एसटीला पोचवायचं कबूल केलं. नानांच्या कोथरूडच्या बहिणीने परीक्षेच्या दिवसांत मला घरात ठेवून घेतलं. मला वाटत होतं, तिला सोबत हवी होती. आमच्या गाईंचा चारा तीन वर्षं बायकांनी आळीपाळीने कापला. मी समजत होते, आई करते.

"आन तुज्या आबाची समजूत काडायचं काम माज्याकडं आलं," नाना म्हणाले. "लई वंगाळ काम. 'पोरगी पुन्याला न्हाई धाडायची,' 'पोरगी पुन्याला न्हाई धाडायची,' तीन म्हयनं त्येचं एकच. म्या रोज तितं बसून तंबाकू मळली. शेवटाला म्हनला, धाडतो बाबा, पन तू उट."

"मला कुणी सांगितलं का नाही?"

"इर्जिकीत कोन कुनाला सांगतं?"

आक्का, मी तिथून उठून मागच्या बाजूला तुसाच्या ढिगाकडे गेले. मला रडू आलं, पण लाज वाटून नाही. मला फार बरं वाटत होतं. आयुष्यभर मी स्वतःला टेकडी एकटीने चढणारी समजत होते, आणि त्याचा केवढा ताण असतो ते तेव्हा उतरल्यावर कळलं. गौरीच्या अंगात वीज मी का उतरवली तेही कळलं. ती गौरी मीच होते. तू तिला निरोप पोचवायला ठेवलंस याचा मला राग होता.

सुरेखावहिनी माझ्यामागे आली. तिच्या हातात नवी वही होती. "ही त्यांनी दिवाळीनंतर मागवली होती. मीच आणून दिली." सगळी वही कोरी होती. पहिल्या पानावर फक्त एवढं: 'प्रकरण शेवटचं. समदी खाचरात उतरली. इर्जिक.' आणि खाली, एक ओळ सोडून: 'मनीला इचारायचं. गौरी कुठं हुबी ऱ्हाईल?'

दिवाळीनंतर, आक्का. मी ते बोलल्यानंतर. तू मला विचारणार होतीस.

त्याच रात्री न थांबता मी प्रकाशकांना लिहिलं, की शेवटचं प्रकरण लेखिकेचं नाही, माझं आहे, ते मी काढून घेत आहे. त्यांचा फोन आला. नाराज होते. नायिकेशिवाय हा शेवट टिकेल का, म्हणाले. मी म्हणाले, टिकला तर छापा, नाहीतर कादंबरी परत करा.  ते म्हणाले, नवं प्रकरण पाठवा, वाचून सांगतो. एवढ्यावर आहे. छापतील की नाही ते मला माहीत नाही.

मग पहिला रविवार. गिरणी आता सुरेखावहिनी चालवते. पट्टा बसवताना तुझ्यासारख्याच शिव्या देते. मोटार तापली, तिने खटका ओढला, आणि मी तुझं ते एक पान वाचून दाखवलं. म्हटलं, "पुढचं मला येत नाही. तुम्ही सांगा."

सगळे एकदम बोलायला लागले. लिहून घेता घेता माझी बोटं दुखली.

"खाचरात उतरल्यावर डोळेवाला थिजवनार की," एक बाई म्हणाली.

"थिजवू दे. एकाला थिजवंल. त्याच्या हातातली रोपं शेजारच्यानं घ्यायची."

"विसरवाली?"

"नाव इसरंल मानूस. हात इसरत्यात व्हय? लावनी करायला नाव कशाला लागतंय?"

कानवाल्याचं रशीदभाईंनी सोडवलं. कुजबुजायचंच नाही म्हणाले, मोठ्याने गाणी म्हणायची, काय ऐकायचंय ते ऐक. पाणीवाला पाणी उचलून नेईल त्यावर घागरींनी पाणी घालायचं ठरलं. साहेब घडीच्या खुर्चीवरून म्हणाले, "पण याने ते हरत नाहीत. ते वरच राहतात."  तू जिथे अडली होतीस तिथेच आम्हीही आलो होतो.

मग नाना म्हणाले, "वर सैपाक कोन करतं त्यांचा?"

"खालचीच माणसं," मी म्हणाले. "सहाव्या प्रकरणात आहे."

"आन ती समदी आता खाचरात हायेत. मग हे चार दीस खात्यात काय? डोळं वटारून चूल पेटती व्हय? येत्यालच खाली भाकरीच्या वासानं." नानांनी मांडीवर थाप मारली. "आन इर्जिकीचं जेवला, त्यो चिखलात उतरला. ह्यो आपला कायदा हाय. जेवाय वाडा त्यांना. आन मग म्हनावं, उतरा."

आक्का, तुला दिसत नव्हतं ते नानांना भुकेमुळे दिसलं. तुझा चेहरा माझ्यासमोर आला. तू आधी त्यांना "खादाड" म्हणाली असतीस आणि मग लिहायला घेतलं असतंस.

चौघांना मारायचं की नाही यावर पुढे खूप वाद झाला. एकाला त्यांना धरणात बुडवायचं होतं. शेवटी मारायचं नाही असं ठरलं, कारण सुरेखावहिनी म्हणाली, रोपं फार उरलीत आणि आठ हात जास्त मिळाले तर काय वाईट आहे.

एका गोष्टीत मात्र मी तुझं ऐकलेलं नाही. शिकलेली पोर सतरा प्रकरणं नुसती निरोप पोचवते, हे मला आजही पटत नाही. डोळेवाला एका वेळी एकाकडेच बघू शकतो, हे पहिल्यांदा गौरीच्या लक्षात येतं, असं मी घातलंय. नाना कुरकुरले, पण म्हणाले, "आसू दे. येवडी शिकलीया, येवडं तरी दिसू दे तिला." तुझ्याशी यावर मी वाद घातला असता. जिंकलेही असते कदाचित.

आठवडाभर मी ते प्रकरण लिहिलं. काल, दुसऱ्या रविवारी, गिरणीत वाचलं. पोत्यांवर जागा नव्हती. चौघं खाली येतात, पंगतीत बसतात, आणि जेवून झाल्यावर त्यांच्याकडे सगळे नुसते बघत राहतात. सर्वांत आधी विसरवाली पदर खोचते. कुठलं तरी जुनं गाणं तिला आठवलेलं असतं. त्यानंतर गौरी येते. ती इतके दिवस शाळेच्या वाटेवर होती, म्हणून उशिरा पोचते. ओळ लागलेली आहे आणि तिला कुठे उभं राहायचं ते कळत नाही. तिथे मी तिला एक वाक्य दिलं होतं. ती बांधावर उभी राहून सगळ्यांना म्हणते, 'मला माफ करा. तुम्ही माझ्यासाठी काय केलंत ते मला कळलं नाही.'

 आक्का, ते वाक्य तुझ्यासाठी होतं.

"थांब," नाना म्हणाले. "ह्ये काड."

"का?"

"इर्जिकीला आलेल्या पोरीला माफी कशाला मागाया लावतीस? ती आली न्हवं? मग तिला चिखलात घ्या की. तितं माज्या शेजारी जागा हाय."

मी पेन घेतलं आणि ते वाक्य खोडलं. त्याऐवजी लिहिलं, की म्हातारा सरकून जागा करतो, गौरीच्या हातात रोपांची एक मूठ देतो, आणि ती वाकते.